सागाखालचं पोवळं: किनवटच्या रानातल्या एका अळंबीची ओळख

पार्श्वभूमी

किनवट तालुक्यातल्या एका गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायचं काम आमच्या महाविद्यालयाकडे आलं होतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि गावातली झाडं, प्राणी, पिकं, त्यांचे उपयोग यांची नोंद ठेवणं हे तिचं काम. बहुतेक ठिकाणी समितीचे सदस्य सह्या करतात आणि लिहायचं काम शिक्षक-विद्यार्थ्यांवर येतं. आमच्याकडेही तसंच झालं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. सोबत तृतीय वर्षाचे नऊ जण होते. मसुदा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा होता.

गाव पैनगंगेच्या बाजूला. नांदेड जिल्ह्याचा हा कोपरा मराठवाडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो त्यातला नाही. इथे सागाचं रान आहे, मधूनमधून बांबू, ऐन, धावडा, मोह. पाऊसही उरलेल्या मराठवाड्यापेक्षा बरा. श्रावणात पाचोळा भिजून मऊ झाला की छत्र्या उगवतात, आणि वारुळावरची पांढरी छत्री आली की सकाळी उठून तिच्यासाठी धावपळ असते. तिच्या खुणा कुणाला शिकवाव्या लागत नाहीत.

अळंबी हा माझा मूळ विषय नाही, हे आधीच सांगते. एम.एस्सी.ला बुरशीचा एक पेपर होता, पुढे पिकांवरचे रोग शिकवले. रानातली अळंबी मी पुस्तकातच जास्त पाहिलेली. पुढे काय काय चुकलं ते समजायला याचा उपयोग होईल.

अडचण कशी उभी राहिली

पहिल्या फेरीत, नागपंचमीच्या आसपास, सागाखाली एका उतारावर एका विद्यार्थ्याला पांढरट झुबके दिसले. वीस-पंचवीस तरी असतील, बोटाएवढ्या उंचीचे. छत्री नव्हती, देठ नव्हता. बुडापासून फांद्या फुटत गेलेल्या, समुद्रातल्या पोवळ्याच्या झाडासारख्या. पोरं हरखली. हाताने उपटून दहा-बारा झुबके कॅरीबॅगमध्ये टाकले, वरून चार फोटो काढले आणि आम्ही पुढे गेलो. पिशवी दिवसभर एकाच्या पाठीवर होती. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर उघडली तेव्हा आत पिवळसर चिखल आणि कुबट वास. हाती उरले ते फक्त फोटो.

ते फोटो एका विद्यार्थ्याने मोबाईलवरच्या ओळख-ॲपला दाखवले. उत्तर लगेच आलं: रामारिया. खाली इंग्रजीत दोन ओळी, की या गणातल्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) काही जाती युरोपात आवडीने खातात. रात्री बाराच्या आत मसुद्यात ओळ चढली: ‘प्रवाळ अळंबी, रामारिया, खाद्य.’

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की त्याच विद्यार्थ्याने आणखी मूठभर झुबके वेगळे, कागदात गुंडाळून ठेवले होते. संध्याकाळी लसूण घालून परतायचा बेत होता. “मॅडम, ॲपमध्ये खाद्य लिहिलंय.” मी ते काढून घेतले, फेकले आणि ठासून म्हणाले, “विषारी आहे हे.” तो गप्प बसला. मग त्याने अगदी सरळ विचारलं, “कोणतं विष असतं मॅडम यात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने पुराव्याशिवाय ‘खाद्य’ लिहिलं होतं आणि मी पुराव्याशिवाय ‘विषारी’ म्हटलं होतं. वर्गात दोघांना सारखेच गुण मिळायला हवे होते. शिवाय ते कागदातले झुबके कोरडे आणि शाबूत होते; आमच्याकडचा तोच एक चांगला नमुना होता, आणि मीच तो उकिरड्यावर टाकला. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले.

गावातल्या एका आजींना आम्ही फोटो दाखवला तो तिसऱ्या दिवशी, तोही चहाला थांबलो म्हणून. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत दिला.

“हे काहून उपटलं, बाई? हे खात नाहीत.”

“का खात नाहीत, आजी?”

“नाही खात. सासूनं आणलं नाही, मी आणलं नाही.”

“नाव काय म्हणता याला?”

“जे खातच नाही त्याला नाव कशाला?”

पोरं हसली. नोंदवहीत मात्र ‘स्थानिक नाव’ नावाचा रकाना असतो, आणि तो कोरा ठेवायचा नाही असा एक धाक असतो. म्हणून आम्ही तिथे ‘प्रवाळ अळंबी’ लिहून मोकळे झालो होतो. गावात हा शब्द कुणी बोलत नाही. पोवळं म्हणजे इथे अंगठीतला लाल खडा.

रामारियावर शंका का आली

परत आल्यावर मी सागावरून विचार करायला लागले. जमिनीवर उगवणाऱ्या मोठ्या, मांसल रामारिया बहुतेक झाडांच्या मुळांशी भागीदारीत राहतात. बुरशीचे धागे मुळांच्या टोकांवर बाहेरून टोपडं चढवतात, झाडाला पाणी-खनिजं देतात आणि साखर घेतात. अशी भागीदारी ओक, पाइन, साल अशा झाडांशी होते. सागाच्या मुळांत बुरशी असते, पण ती वेगळ्या प्रकारची, पेशींच्या आत शिरणारी. तिच्यापासून अळंबी उगवत नाही. आमच्या उतारावर साल नव्हता, पाइन नव्हता. म्हणजे तिथे त्या रामारियाला जोडीदारच नव्हता. ॲप शिकलं होतं ते मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या फोटोंवर, आणि तिथे पोवळ्यासारखी अळंबी म्हटलं की रामारिया समोर येणारच.

या युक्तिवादावर मी इतकी खूश होते की वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगितला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “पण मॅडम, पाचोळ्यावर जगणाऱ्या पण असतात ना? त्यांना कुठे झाड लागतं?” बरोबर होती ती. रामारियाचे काही जवळचे नातेवाईक, आधी रामारियातच गणलेले आणि आता फिओक्लॅव्ह्युलिना म्हणून वेगळे केलेले, उष्ण प्रदेशात पाचोळा कुजवत जगतात. झाडांवरून शंका वाढली, पण निकाल लागला नाही.

या आकाराचा इतिहासही गमतीचा आहे. पूर्वी गदेसारखं किंवा पोवळ्यासारखं जे दिसेल ते सगळं क्लॅव्हेरिया या एकाच गणात टाकत. १९५० साली ई. जे. एच. कॉर्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या बारकाव्यांवरून त्याची फोड केली. १९६१ साली कर्तार सिंग थिंड यांनी भारतातल्या अशा बुरशांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. नंतर डीएनए पाहिल्यावर कळलं की हा आकार बुरशींच्या एकमेकांपासून लांबच्या कुळांत वेगवेगळा, अनेकदा तयार झाला आहे. पक्षी आणि वटवाघूळ दोघांना पंख आहेत म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसंच हे.

समोरचे पर्याय

ओळ आहे तशी ठेवणं सगळ्यात सोपं होतं. मसुदा कोण तपासतो? पण नोंदवहीतलं ‘खाद्य’ हे पाच वर्षांनी कुणी तरी वाचणार, आणि तोवर ते कुणी कशावरून लिहिलं हे कुणाला आठवणार नाही. रामारिया फॉर्मोसासारख्या जातीने उलट्या-जुलाब होतात हे माहीत आहे. जपानमध्ये लालभडक, शिंगासारख्या एका बुरशीने, ट्रायकोडर्मा कॉर्नू-डामीने, माणसं दगावली आहेत. आमची पांढरी होती, लाल नाही. पण ‘पोवळ्यासारखं दिसतं ते सगळं निरुपद्रवी’ हा समज टिकत नाही एवढं तरी यातून कळतं.

ओळ पूर्ण काढून टाकावी असं समितीच्या एका सदस्यांचं मत होतं. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता: नाव माहीत नाही, खात नाहीत, विकत नाहीत, मग लिहायचं कशाला? मला ते पटलं नाही. नोंदवही बाजाराची यादी नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आणि अजरेकर यांच्या नावाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे. तिथे पाठवायचा विचार आला. पण पाठवायचं काय? चार फोटो? नमुना हातात असल्याशिवाय तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही, आणि नमुना मी फेकला होता.

राहिला एकच मार्ग: पुन्हा जायचं. सुट्टी, बसचं भाडं, पावसाचा भरवसा आणि विद्यार्थ्यांच्या घरच्यांची परवानगी, सगळं पुन्हा. पोळा झाल्यावर आम्ही चौघंच गेलो.

काय केलं

या वेळी आधी आजींकडे गेलो. उतार तोच, पण त्यांनी सांगितलं की बांबूच्या बेटाखाली जास्त असतात. तिथे सापडले. एक झुबका खुरप्याने चहूबाजूंनी माती मोकळी करून बुडासकट उचलला. बूड उलटं केलं तेव्हा कापसासारखे पांढरे धागे दिसले, सागाच्या पानाच्या शिरांना आणि मातीला चिकटलेले. खाली लाकूड नव्हतं, वारुळ नव्हतं. फांद्या जवळून पाहिल्यावर गोल नव्हत्या. चपट्या होत्या, पंजाची बोटं जुळवून धरावीत तशा, आणि टोकाशी पुन्हा फाटलेल्या. एक फांदी वाकवली. क्लॅव्हेरियातल्या ठिसूळ जाती खडूसारख्या तुटतात; ही वाकली, सुटली, पुन्हा सरळ झाली. पट्टी ठेवून फोटो काढले, वरून, बाजूने, बुडाचा. प्रत्येक झुबका वेगळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर तारीख, झाडं, उगवली ती जागा. जागेवर सागाची एक खुंटी ठोकली, पुढच्या वर्षी सापडावी म्हणून.

बीजाणू म्हणजे बुरशीचे बियांसारखे बारीक कण; त्यांचा रंग कळावा म्हणून ठसा मुक्कामाच्या खोलीतच घेतला. छत्रीला खाली कल्ले असतात, त्यामुळे ती कागदावर पालथी ठेवता येते. पोवळ्याच्या आकाराची बुरशी फांद्यांच्या बाहेरच्या अंगावरून बीजाणू सोडते, म्हणून झुबका काचपट्टीवर आडवा ठेवला, शेजारी ओला कापूस, वर स्टीलची वाटी. सकाळी काचेवर जेमतेम वाफ धरल्यासारखं दिसलं. विद्यार्थी म्हणाला, “पांढरा आहे, रामारिया नाही.” इथे मी थांबवलं, आणि या प्रकरणात मी बरोबर केलेली ही पहिली गोष्ट असावी. रामारियाचे बीजाणू गेरूकडे झुकणारे पिवळसर-तपकिरी असतात, पण थर पातळ असला की तेही फिके दिसतात. दुसऱ्या रात्री ताजा झुबका ठेवला. सकाळी पातं घेऊन काचेवरचा सगळा थर एका कोपऱ्यात खरवडून ढीग केला आणि मोबाईलच्या काळ्या पाठीवर धरून पाहिला. पांढराच.

लोहाची चाचणीही केली. रामारियाच्या फांद्यांवर फेरस सल्फेटच्या द्रावणाचा थेंब टाकला तर हिरवट डाग पडतो. फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, तो मराठवाड्यात कुठेही मिळतो, चुनखडीच्या रानात पीक पिवळं पडलं की शेतकरी तोच फवारतात. कृषी सेवा केंद्रातून आणला. आमच्या झुबक्यावर हिरवं काहीच दिसलं नाही. पण पुडीतला हिराकस हिरवा राहिला नव्हता, गंजासारखा तपकिरी झाला होता. म्हणजे त्यातलं लोह आधीच बदललेलं. आणि तुलनेला खरी रामारिया आमच्याकडे नव्हती. ही चाचणी आम्ही वहीत लिहिली आणि समोर ‘ग्राह्य नाही’ असं लिहिलं.

सूक्ष्मदर्शकाखाली

आता माझा अंदाज क्लॅव्ह्युलिना होता, पोवळ्यासारखाच दिसणारा दुसरा एक गण. पांढरा ठसा, जमिनीवर, फांद्या. क्लॅव्ह्युलिनाची एक खूण एकदा पाहिली की विसरत नाही: बीजाणू धरणाऱ्या पेशीवर दोनच टोकं असतात, आणि ती बैलाच्या शिंगांसारखी आत वळलेली. पोळा नुकताच झाला होता, आणि मी विद्यार्थ्यांना तीच शिंगं शोधायला लावली.

एक तास शोधूनही शिंगं सापडली नाहीत. दिसल्या त्या पेशींवर चार टोकं, सरळ. चाळीसच्या भिंगाखाली बीजाणू नुसते वेडेवाकडे कण वाटत होते, आणि मी स्लाइड खराब झाली असं म्हणत होते. शंभरच्या भिंगावर तेल टाकून, बारीक फोकस हळूहळू फिरवत नेल्यावर त्या कणांना कोपरे दिसले. मग कोपऱ्यांवर बारीक काटे. गोल, गुळगुळीत आणि आत तेलाचा एक मोठा थेंब, असे क्लॅव्ह्युलिनाचे बीजाणू असतात. हे ते नव्हतंच. वीस बीजाणू मोजले, बहुतेकांची लांबी साडेचार ते सहा मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मध्ये. काटेरी बीजाणू थेलेफोराचेही असतात, पण ते तपकिरी, आणि ती बुरशी पुन्हा मुळांच्या भागीदारीतली.

चपट्या फांद्या, चिवट अंग, पांढरा ठसा, छोटे कोनदार काटेरी बीजाणू, उष्ण रानातली जमीन: या सगळ्या खुणा एकत्र बसतात त्या स्कायटिनोपोगॉनमध्ये. हा गण दिसतो पोवळ्यासारखा, पण त्याचे सख्खे भाऊबंद आहेत लाकडावर आणि पाचोळ्यावर पांढऱ्या सालीसारख्या पसरणाऱ्या ट्रेकिस्पोरा. अलीकडे काही अभ्यासक त्याला ट्रेकिस्पोरातच धरतात. माझ्या यादीत हे नाव पहिल्या दिवसापासून कुठेच नव्हतं.

काय निघालं

नोंदवहीत शेवटी अशी ओळ गेली: ‘पोवळ्याच्या आकाराची पांढरी अळंबी. गण स्कायटिनोपोगॉन (बीजाणूंवरून), जात अनिश्चित. सागाच्या व बांबूच्या पाचोळ्याखालच्या मातीवर. स्थानिक नाव नाही. गावात खात नाहीत.’ ग्रामसभेत ‘स्थानिक नाव नाही’ हे वाचल्यावर सरपंचांनी मान वर केली. आजींचं वाक्य मी तसंच ऐकवलं. सभेला ते पटलं.

याच निमित्ताने ‘प्रवाळ’ म्हणून मसुद्यात चढलेल्या दुसऱ्या दोन नोंदीही पुन्हा पाहिल्या. पडलेल्या ओंडक्यावरची नारिंगी, चमच्यासारखी टोकं असलेली ती डॅक्रिओपिनॅक्स निघाली, जेलीसारखी लवलवणारी. वारुळाजवळची शिंगट, टोकाला पांढरी भुकटी असलेली ती झायलेरिया. मोडली तेव्हा बाहेर काळं साल आणि आत पांढरा चिवट गाभा, आणि ओढली तर खाली वारुळात उतरत गेलेली लांब काळी दोरी. तिन्ही ‘पोवळी’ तीन वेगळ्या घराण्यांतली.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या फेरीतला नमुना बुडासकट उचलून कागदात ठेवला असता तर दुसरी फेरी लागलीच नसती. प्लॅस्टिकची पिशवी आता आमच्या सामानात नाहीच.

जास्त बोचतं ते दुसरंच. आजींना आम्ही शेवटी विचारलं, आणि तेही ओळख पटवायला नव्हे, रकाना भरायला. त्यांच्या ‘खात नाहीत’मध्ये विष आहे असं काही नाही, चव नसेल, चिवट असेल, किंवा सवयच नसेल. पण सागाखाली काय उगवतं हे पन्नास वर्षं पाहिलेल्या माणसाचं ते निरीक्षण आहे, आणि ॲपच्या दोन ओळींपेक्षा ते त्या जागेचं आहे. आता आम्ही नाव, उपयोग आणि खाण्याची माहिती तीन वेगळ्या ओळींत, कुणी सांगितलं त्यासह लिहितो. एका ओळीवरून दुसरी काढायची नाही. गावात चालणाऱ्या ‘किड्यांनी खाल्लेली छत्री चांगली’, ‘चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी’ या खुणाही लिहितो, पण समोर शेरा असतो: भरवशाच्या नाहीत.

ज्या मुलाला मी ‘विषारी’ म्हणून गप्प केलं, त्याला आज त्याच प्रसंगी काय सांगेन? बहुधा एवढंच: माहीत नाही, म्हणून खायची नाही, आणि पाकीट इकडे दे, नमुना आहे. तो पुढे सूक्ष्मदर्शकावर सगळ्यात जास्त वेळ बसला. काटे पहिल्यांदा त्यालाच दिसले, मला नाही.

जात अजून ठरलेली नाही. वाळवलेला नमुना पाकिटात सिलिका जेलसह कपाटात आहे, एक भाग पुण्याला पाठवायचा म्हणून वेगळा काढलेला. पुढच्या श्रावणात आम्ही त्या बांबूच्या बेटाखाली गेलो. आधीचे दोन आठवडे पाऊस नव्हता, पाचोळा करकर वाजत होता, आणि एकही झुबका आला नव्हता. खुंटीच्या जागी मातीचा पोकळ नळा उभा होता. आतलं लाकूड वाळवीने पूर्ण खाल्लेलं.